टकळी, व्हर्नियर आणि ‘बघू’

आमच्या घरात मास्तरकी तीन पिढ्यांची. वडील मास्तर, मी मास्तर, आणि आता मुलगीही त्याच वाटेने गेली. त्यामुळे शिक्षणात काही नवे येणार अशी बातमी आमच्याकडे पावसाच्या बातमीसारखी ऐकली जाते. छत्री काढून दाराशी ठेवायची, पण हातातले काम थांबवायचे नाही. लोकांना हा मास्तरांचा आळस वाटतो. साहेबलोकांना तर तो नेहमीच वाटत आला आहे. मला विचाराल तर त्यात आळस थोडा आणि आठवण पुष्कळ. यंदा दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरच्या ट्रंकेतून वडिलांची, म्हणजे नानांची, पितळी चकतीची टकळी निघाली आणि त्या आठवणीचा जमाखर्च एकदा मांडावासा वाटला.

हाताचे काम शाळेत आणावे, ही कल्पना काही टकळीबरोबर आलेली नाही. 1882 च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. मास्तर कसा असावा हे इतक्या नेमकेपणाने त्यापूर्वी आपल्याकडे कुणी सरकारपुढे मांडले असेल, असे मला वाटत नाही. साहेबाचे लक्ष मात्र परीक्षेच्या निकालाकडे होते. विलायतेत 1862 पासून निकालावर अनुदान देण्याची रीत पडली होती आणि मुंबई इलाख्यानेही तिचा कित्ता गिरवला. तिकडे परिणाम असा झाला की मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करीत, आणि दुसरे पुस्तक हाती दिले की मूग गिळून बसत. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळातपासनीस होता. त्याने आपल्या अहवालांतून या यांत्रिकपणाविषयी वारंवार तक्रार केली. ती पद्धत उठायला तीसाहून अधिक वर्षे लागली. वरून आलेल्या सुधारणेकडे मास्तर तिरक्या नजरेने पाहतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

पुढे 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने नव्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. आपल्याकडे तेव्हा बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि शिक्षणखातेही त्यांच्याकडेच होते. एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भाषा, भूगोल हे सारे त्याच्या अनुषंगाने शिकवायचे, अशी ही योजना. उद्योगाला ‘मूलोद्योग’ म्हणत आणि विषय जोडण्याच्या या रीतीला ‘समवाय’. समितीने सूतकताईबरोबर सुतारकाम, शेती, बागकाम, चामड्याचे काम असे अनेक उद्योग सुचवले होते. प्रत्यक्षात बहुतेक शाळांच्या वाट्याला आली ती टकळी. कारण ती स्वस्त, आणि खिशात मावणारी.

नानांची नोकरी त्र्यंबक रस्त्याच्या पट्ट्यातली. तिकडे भात पिकते, नागली पिकते. कापूस मुलांनी पाहिलेला तो गादीतला. समवायाचा वर्ग करून नाना मोठ्या उमेदीने शाळेवर परतले. पेळू आणायचे दुरून, ते पावसाळ्यात सादळत, तार तुटे. सूत मोजता मोजता गुणाकार शिकवायचा, तर चार इयत्ता एका खोलीत. तपासणीच्या दिवशी मुले ओळीने बसून सूत काढीत, साहेब खूश होऊन शेरा लिहीत आणि दुसऱ्या दिवशी टकळ्या पेटीत जात. नाना म्हणत, “कल्पना सोन्याची होती रे, पण ती आमच्या हाती देऊन देणारा निघून गेला.” मूलोद्योग ओसरला, तरी ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही अक्षरे कितीतरी शाळांच्या पाट्यांवर अजून आहेत. आपल्याकडे योजना जाते, पाटी राहते.

मी 1983 साली सातपूरला शिक्षक झालो. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिक महानगरपालिका झाली होती आणि सातपूर तिच्यात आले होते. साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, आणि माझ्या वर्गात टर्नर, फिटर, वेल्डर यांची मुले बसू लागली. सकाळी शाळेच्या घंटेआधी कंपनीचा भोंगा होई. हाताचे काम शिकवायला याहून योग्य गाव कोणते? आणि वेळापत्रकात तासही होता. कोठारी आयोगाने 1966 साली ‘कार्यानुभव’ सुचवला होता. आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव. पुढे 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. नाव बदलले की प्रशिक्षण आले. पुण्याला कुणी ऐकून येई, तो जिल्ह्याच्या लोकांना सांगे, ते आम्हाला सांगत. आमच्यापर्यंत पोचेतो त्या कढीत ताकापेक्षा पाणीच जास्त. मागच्या बाकावरचा एखादा सोबती हळूच विचारी, “नाव नवे आहे, बाकी?” चहा होई, हजेरीपटावर सह्या होत, आणि कार्यानुभवाच्या तासाला मी राहिलेले गणित शिकवी. माझ्यासारखे आणखीही होते.

मुलांचे वडील सांगत, की कंपनीत नवे यंत्र आले म्हणजे आधी यंत्र येते. मग माणसाला त्याच यंत्रावर उभे करतात, आणि त्याचा हात बसेपर्यंत शेजारी कुणीतरी जाणता उभा असतो. आमच्याकडे यंत्र येतच नसे, नुसती माहितीपुस्तिका येई. प्रशिक्षणांवरचा माझा राग तेव्हा रास्त होता आणि आजही मी तो मागे घेत नाही.

पण एक गोष्ट नानांनाही मी कधी सांगितली नाही. 1990 नंतरच्या एका वर्षी मी पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवीत होतो. तीन दिवस झाले तरी मुलांच्या डोळ्यांत काही उतरेना. पहिल्या पाळीवरून सुटलेला एक फिटर मुलाला न्यायला आला आणि दाराशी उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, “गुरुजी, मी दाखवू का?” पिशवीतून त्याने व्हर्नियर काढला, स्वतःच्या पैशाने घेतलेला. माझ्याच टेबलावरचा खडू त्यात धरला. नऊ पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर! मग पेन्सिल, मग वहीचा पुठ्ठा, मग एकाचे नख. मुलांनी त्याला गराडा घातला. टिंबाच्या उजवीकडचा आकडा म्हणजे काय, हे त्यांना अर्ध्या तासात कळले. जाताना तो म्हणाला, “दर शनिवारी येत जाईन गुरुजी, मुलांना मोजायला शिकवीन.”

मी म्हणालो, “बघू.”

बाहेरच्या माणसाला वर्गात घ्यायचे तर परवानगी लागेल, ही एक सबब होती. खरे कारण वेगळे होते. प्रत्येक नव्या गोष्टीला ‘बघू’ म्हणायची जिभेला सवय लागली होती, आणि ही गोष्ट कुठल्याही शिबिरातून आलेली नाही हे माझ्या ध्यानातच आले नाही. नानांनी ज्याच्यासाठी पेळू सुकवले तो समवाय माझ्या टेबलावर उभा होता. तो पुन्हा आला नाही. त्याचा मुलगा पुढे त्र्यंबक रस्त्यावरच्या आयटीआयत गेला. त्याला मोजायला शिकवणारा घरातच होता. बाकीच्या चाळीस मुलांना तो मिळाला नाही.

मी 2019 साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न घेता सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, असे त्यात आहे. मला ते वाचून हसू आले आणि मग आले नाही. माझी मुलगी सहावीला शिकवते. मोबाइलवर प्रशिक्षणाची चित्रफीत लावून ती चकल्या तळत होती. म्हणाली, “बाबा, तुमच्या वेळचेच आहे ना हे? होईल काही दिवसांनी बंद.”

मी तिला टकळी दाखवली आणि व्हर्नियरची हकिगत सांगितली. तिने गॅस बारीक केला. त्या फिटरचा ठावठिकाणा तिने चार दिवसांत काढला. तो सातपूर कॉलनीतच राहतो, निवृत्त आहे. फोनवर त्याने मला आवाजावरून ओळखले नाही. खडूचे सांगितल्यावर ओळखले. म्हणाला, “गुरुजी, आता बारीक रेघा दिसत नाहीत. पण हल्लीच्या व्हर्नियरवर आकडे मोठे येतात, नातवाकडे आहे तसला.” आणि जरा थांबून त्याने विचारले, “परवानगी मिळेल ना?”

मुलीने अर्ज दिला आहे.