बिघाड नेमका कोठे? खामगावच्या तारेपासून मोबाइलच्या निरोपापर्यंत

मराठीत ‘तार’ या शब्दाने दोन कामे केली. खांबांवरून जाते ती तार आणि तारवाला सायकलवरून घेऊन येई तीही तारच. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता निरोप खिशातल्या मोबाइलवर येतो, पण त्याची वाट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फोन लागला नाही किंवा एसएमएस आला नाही, की ‘नेटवर्क नाही’ असे म्हणून आपण थांबतो. बिघाड झाला आहे हे कळणे वेगळे आणि तो कोठे झाला आहे हे कळणे वेगळे. या दुसऱ्या विद्येचा इतिहास जुना आहे आणि तो बुलढाणा जिल्ह्यात उभे राहून पाहता येतो.

मुंबईहून निघालेला जी.आय.पी. कंपनीचा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते १९०५ साली आले.) एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय का आले, याचे उत्तर खामगावच्या कापूसबाजारात आहे. त्याच वर्षी मुंबईहून एडन व सुएझकडे जाणारी समुद्रातली तार पूर्ण झाली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आगबोटीच्या टपालाने यायला काही आठवडे लागत. तारेने तो त्याहून लवकर येई. ज्याला भाव आधी कळे तो फायद्यात राही. अशा वेळी तार बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हती.

आणि तार बंद पडतच असे. वादळात फांदी पडे, वीज कोसळे, खांब कलंडे. शेकडो मैलांच्या ओळीवर माणूस पाठवून प्रत्येक खांब पाहायचा तर दिवस मोडत. पण विजेच्या वागण्यावरून बिघाडाची जात ओळखता येई. सुई हललीच नाही तर तार तुटलेली. आपल्याकडून नेहमीपेक्षा जास्त विद्युतधारा जाते, पण पलीकडे फारच थोडी पोहोचते, तर तार कोठेतरी जमिनीला टेकलेली. एका तारेवरचा निरोप दुसरीवर उमटू लागला तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या.

जात कळली, जागा कशी कळावी? येथे रोधाचे मापन उपयोगी पडले. भारतीय तारखात्यातील जर्मन विद्युत्‌तज्ज्ञ लुई श्वेंडलर यांनी तारांच्या चाचणीवर तपशीलवार सूचनाग्रंथ लिहिला. तो १८७८ साली प्रसिद्ध झाला. (कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या उभारणीतही याच गृहस्थांचा मोठा वाटा होता.)

पद्धतीचे मर्म एका उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. जलंब-खामगाव तार १३ किलोमीटरची आणि तिचा रोध दर किलोमीटरला ८ ओहम, म्हणजे एकूण १०४ ओहम. ती मध्येच एका ओल्या फांदीला टेकली आहे. तार एकेरी असते. विजेचा परतीचा मार्ग जमिनीतून. खामगावचे टोक मोकळे ठेवून जलंबहून रोध मोजला तो ६० ओहम भरला. ६० ला ८ ने भागून साडेसात किलोमीटर म्हणावे, तर फसगत होते. कारण यात फांदीचा अज्ञात रोधही मिसळलेला आहे. म्हणून आता जलंबचे टोक मोकळे ठेवून खामगावहून मोजायचे. तो ८४ आला. फांदीचा रोध दोन्ही मापांत सारखाच असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. खामगावकडची तार जलंबकडच्या तारेपेक्षा २४ ओहमने जास्त आणि दोन्ही मिळून १०४. म्हणजे जलंबकडची ४० ओहम. बिघाड जलंबपासून ५ किलोमीटरवर, आणि फांदीचा रोध २० ओहम! नववी-दहावीच्या मुलांकडून हे नायक्रोमची तार, एक जादा रोध आणि मल्टिमीटर घेऊन वर्गात सहज करून घेता येईल.

टेलिफोनच्या काळातही तपासणी याच मार्गाने चाले. १९८ वर तक्रार नोंदवली, की एक्सचेंजमधला माणूस आधी तिथूनच ओळ मोजून पाही आणि मग लाइनमन निघे.

मोबाइलमध्ये टॉवर ते फोन या शेवटच्या टप्प्यावर तारच नाही. तरी टप्पे आहेत: फोन, सिम, टॉवर, कंपनीचे केंद्र. रेडिओलहरींना डोंगर आडवा आला की त्यामागे सावली पडते. पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून अजिंठ्याच्या रांगेवरच्या बुलढाणा शहराकडे घाट चढताना प्रत्येक वळणावर फोनवरच्या दांड्या पाहाव्यात.

बोलणे आणि एसएमएस यांच्या वाटाही वेगळ्या. बोलण्यासाठी दोन्ही दिशांनी सलग जागा लागते. एसएमएस मुळात संदेशवहनाच्या अरुंद वाटेने जातो. केंद्रात साठवला जातो आणि फोन सापडला की पोहोचवला जातो. म्हणून जेथे बोलणे तुटते तेथेही एसएमएस पोहोचू शकतो. उलट, बोलणे ठीक पण एसएमएस जातच नाही, तर फोनमधला संदेशकेंद्राचा क्रमांक चुकलेला असू शकतो. आपले सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून पाहावे. तक्रार सिमबरोबर गेली तर फोन निर्दोष. फोनपाशीच राहिली तर सिम निर्दोष. हे दोन टोकांवरून मोजण्याचेच भावंड आहे.

पण काही बिघाड गावातून कितीही तपासले तरी सापडत नाहीत. व्यापारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवलेला असावा, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केला. त्यानुसार ८ मार्च २०२१ रोजी गाळणी सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. लसीकरणाच्या नोंदणीलाही ओटीपी लागे, आणि साठीपुढच्यांचे लसीकरण सुरू होऊन तेव्हा आठवडाच झाला होता. तेथेही खोळंबा झाला. फोन, सिम, टॉवर सगळे धड. साचा नोंदलेला नव्हता, एवढाच बिघाड. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ती गाळणी ७ दिवसांसाठी थांबवली.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येत नसेल, तर शेजारच्या फोनवरून त्याच फोनवर एक साधा एसएमएस पाठवून पाहावा. तो आला, तर फोन, सिम आणि टॉवर सुटले. मग शोध पाठवणाऱ्याच्या बाजूला घ्यायचा: अर्जात क्रमांक बरोबर नोंदला आहे का, हे पाहायचे आणि तक्रारीत दिनांक, वेळ व त्या साध्या एसएमएसचा निकाल लिहायचा.