जाणत्या स्वप्नाचा ग्रंथ कसा निवडावा

स्वप्न चालू असतांनाच ‘हें स्वप्न आहे’ अशी जाणीव व्हावी आणि तरीहि झोप मोडूं नये, हा अनुभव नवा नाहीं. ॲरिस्टॉटलनें स्वप्नांवरील आपल्या लहानशा निबंधांत त्याचा निर्देश केला आहे. तिबेटांतील बौद्ध साधकांनीं तर त्याचा एक योगच बनविला. नवें आहे तें इतकेंच कीं, असें जाणतें स्वप्न प्रयत्नानें साधतां येतें असें सांगणारीं पुस्तकें आतां ढिगानें मिळतात. त्यांतलें कोणतें घ्यावें, असें विचारणाऱ्या जिज्ञासूस नुसती यादी देऊन भागत नाहीं. या ग्रंथांचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला, म्हणजे निवडीची कसोटी हातीं लागते.

या परंपरेचा आद्य ग्रंथ १८६७ सालीं पॅरिस येथें निघाला. ‘स्वप्नें व तीं चालविण्याचे उपाय’ असा त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थ. वर कर्त्याचें नांव नव्हतें. कर्ता होता मार्क्विस एर्वे द सँ-दनी (१८२२–१८९२), चिनी भाषेचा गाढा पंडित. १८७४ पासून तो कॉलेज द फ्रान्समध्यें त्या भाषेचा अध्यापक होता. तेरा वर्षांचा असल्यापासून तो आपलीं स्वप्नें लिहून ठेवी. अशा २२ वह्या भरल्या आणि त्यांत १९४६ रात्रींचा वृत्तान्त सांठला. आणि पहिलें जाणतें स्वप्न त्याला केव्हां पडलें? वही सुरू केल्यापासून २०७ व्या रात्रीं! आठ दिवसांत ही विद्या पदरांत घालूं म्हणणारीं पुस्तकें या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावीं.

त्याच्या प्रयोगांची रीत पाहण्यासारखी आहे. विव्हारे प्रांतांत कांहीं दिवस राहावयास जातांना त्यानें एक अपरिचित अत्तर बरोबर घेतलें. तेथें असेपर्यंत रोज तें रुमालावर लावलें. निघतांना कुपी बंद केली ती महिनोन्महिने उघडली नाहीं. पुढें ती नोकराच्या हवालीं करून त्यानें सांगितलें कीं, एखाद्या दिवशीं मी गाढ झोंपलों असतां उशीवर चार थेंब टाक. मात्र दिवस मला कळूं देऊं नकोस. त्याप्रमाणें घडलें, आणि स्वप्नांत विव्हारेचे डोंगर उभे राहिले. दुसरें एक अत्तर त्यानें एका चित्रकाराच्या चित्रशाळेशीं असेंच जोडून ठेविलें होतें. दोन्हीं एकत्र शिंपडविल्यावर चित्रकार महाशय थेट विव्हारेच्या जेवणघरांत येऊन दाखल झाले! स्वप्नांत स्वतःचा मृत्यु पाहावा म्हणून एकदां त्यानें उंचावरून उडीहि घेतली. पण स्वप्नच पालटलें. तो एका देवळापुढच्या चौकांत, दुसऱ्याच कोणा मेलेल्या माणसाभोंवतीं जमलेल्या गर्दींत उभा होता. प्रयोग फसला, तो फसला म्हणूनच त्यानें लिहिला. माझ्या मतें या ग्रंथाचें सारें मोल या प्रामाणिकपणांत आहे.

इतका मोलाचा ग्रंथ पाहतां पाहतां दुर्मिळ झाला. फ्रॉइडच्या १९०० सालच्या स्वप्नमीमांसेंत, पुष्कळ खटपट करूनहि तो मिळाला नाहीं, अशी कबुली आहे. मूळ ग्रंथ पॅरिसला पुनः छापला गेला तो १९६४ मध्यें, आणि संक्षिप्त इंग्रजी रूप निघालें १९८२ मध्यें. मधल्या काळांत हा विषय शास्त्रज्ञांपेक्षां गूढवाद्यांच्याच हातीं अधिक राहिला, यांत नवल तें काय?

त्या काळांतला एक अपवाद मोठा गोड आहे. फ्रेडरिक व्हॅन ईडन हा हॉलंडांतील वैद्य, कवि व कादंबरीकार. रवीन्द्रनाथांची ‘गीतांजलि’ डच भाषेंत नेणारा तोच. १८९८ ते १९१२ या काळांतील आपल्या ३५२ जाणत्या स्वप्नांच्या आधारें त्यानें १९१३ सालीं लंडनच्या मानसिक संशोधन मंडळापुढें निबंध वाचला, आणि या स्वप्नांचें आज रूढ असलेलें इंग्रजी नांव तेथूनच प्रचारांत आलें. स्वप्नांत त्यानें एका कांचेच्या पेल्यावर मूठ मारली; पेला शाबूत! थोड्या वेळानें पाहतो तों फुटलेला. आपली वेळ चुकलेल्या नटासारखें तें वागणें त्याला वाटलें.

तरीहि या सर्व कथनांवर एक आक्षेप उरतच होता: झोंपलेल्याच्या शब्दाला पुरावा काय? उत्तर मिळालें इंग्लंडांत हल विद्यापीठांत, १९७५ च्या एप्रिलमध्यें. स्वप्नाच्या अवस्थेंत सर्व शरीर शिथिल असतें, पण डोळे हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगांत ॲलन वर्स्ली यांनीं स्वप्नांतूनच, आधीं ठरल्याप्रमाणें, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली, आणि यंत्राच्या कागदावर ती उमटली. पुढें स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज यांनीं स्वतंत्रपणें तेंच सिद्ध करून १९८१ मध्यें प्रसिद्ध केलें.

तेव्हां कसोटी ही कीं, लेखकानें अपयश लिहिलें आहे काय, आणि तो सांगतो तें पडताळतां येतें काय? कार्लोस कास्तानेदाच्या १९७२ सालच्या पुस्तकांत स्वप्नांत आपले हात पाहण्याची युक्ति आहे आणि कथन मोठें चटकदार आहे. पण त्याचा गुरु खरोखर होता कीं नाहीं याचाच विद्वानांना संशय. असें पुस्तक करमणुकीस घ्यावें. अभ्यासाकरितां प्रथम लाबर्ज व हॉवर्ड राइनगोल्ड यांचें १९९० सालचें पुस्तक घ्यावें. त्याची शैली रुक्ष आहे, प्रसंगीं उत्साहहि अंमळ फाजील आहे. पण पद्धति स्पष्ट आहे. पहांटे स्वप्नांतून जाग आली, कीं तें स्वप्न आठवावें. ‘पुढच्या स्वप्नांत हें स्वप्न आहे हें मला आठवेल’ असा संकल्प करावा. आणि त्याच स्वप्नांत आपण जाणते झालों आहों असें मनांत रंगवीत पुनः झोंपावें. दिवसा एखादी पाटी वाचून, नजर फिरवून पुनः वाचावी. स्वप्नांत अक्षरें बहुधा बदलतात. ज्याची झोप आधींच अपुरी आहे, किंवा भास व वास्तव यांची सीमा ज्याच्या मनांत डळमळीत आहे, त्यानें मात्र वैद्याला विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये. बाकीच्यांनीं उशाशीं एक कोरी वही ठेवावी, आणि ती थोडी भरली म्हणजे मग एर्वेचा ग्रंथ हातीं घ्यावा.