पाटाचं पाणी, पाटीची भाजी

आजच्या पोरांना वाटतं, शहापूर-मुरबाडात उन्हाळी भेंडी आजोबा-पणजोबांपासून होत आली आहे. तसं नाही. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण तो थांबला की पाणी डोंगरावरून नदीला आणि नदीतून खाडीला. भात कापलं की त्याच ओलीवर वाल नाहीतर हरभरा टाकायचा. होळी झाली की शेतात नुसती ढेकळं. मग काम एकच, शेण-पालापाचोळा पसरून राब भाजायचा आणि आभाळाकडे बघायचं.

म्हणून आमचा जुना उन्हाळा पेरलेला नव्हता, वेचलेला होता. मोहाची फुलं, करवंदं, जांभळं, कैऱ्या, फणस. घरात कडव्या वालाचं बिरडं, सुकटीत आंबोशी, फणसाच्या आठळ्या. ठाकूर आणि कातकरी बाया रानातून आणतील ते पानाच्या द्रोणात घालून खर्डी, आसनगाव, वाशिंदच्या स्टेशनांवर विकायच्या. हिरवी भाजी चैत्रात कोणी मागतही नव्हतं आणि कोणी लावतही नव्हतं.

आमच्या भागातलं पाणी मुंबईने मात्र फार आधी ओळखलं. तानसा तलाव 1892 सालचा. त्याचे मोठाले पाइप आमच्याच तालुक्यातून गेले. पुढे सत्तरच्या दशकात भातसा धरणाचं काम जोरात चालू झालं. काही गावं पाण्याखाली गेली, त्यांची घरंदारं उठली. धरणाच्या कामासाठी वसाहत वसली, तेच हे भातसानगर. इंजिनियर, क्लार्क, फिटर, ड्रायव्हर, कुठून कुठून आलेली माणसं. त्यांना महिन्याला पगार होता आणि उन्हाळ्यातही रोज भाजी लागत होती.

इथे आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण अशी ती पुष्कळ घरांची आहे. आमची आई नदीच्या डोहाजवळ पाच-सहा वाफे करायची. माठ, भेंडी, काकडी, चार वेल दुधीचे. पाणी हंड्याने. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती वसाहतीत जायची. तिची दहा-बारा घरं ठरलेली होती. ती म्हणायची, "पैसे पगाराला द्या बाई, पण पाटी माझीच घ्या." एखाद्या दिवशी भेंडी कमी निघाली तर घरं तीच, वाटे लहान. जास्त निघाली तर वाटे मोठे. कोणी वजन मागितलेलं मला आठवत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे येत, आणि त्याच पैशात आमच्या वह्या-पुस्तकं निघाली. मी दहावीपर्यंत शिकलो तो त्या पाटीवर.

लोक म्हणतात, उन्हाळी भाजी आमच्याकडे पाटाच्या पाण्याने आणली. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. पाट नंतर आला, आधी गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक ठरलेलं होतं म्हणून आई हंड्याने पाणी वाहायला तयार झाली.

मग कालवा झाला. ज्यांच्या जमिनी कालव्याखाली होत्या त्यांचं नशीब फिरलं. उन्हाळी भात, भेंडी, काकडी, गवार, कारली सुरू झाली. पाच-सहा वाफ्यांच्या जागी एकर-दोन एकर. एवढा माल ठरलेल्या दहा-बारा घरांत कसा खपणार? टेंपो आले, माल कल्याणला जाऊ लागला, मुंबईला जाऊ लागला. 1996 साली मुंबईचा भाजीपाला बाजार वाशीला गेला, तशा आमच्या गोणीही वाशीला गेल्या. भेंडी परदेशातही जाऊ लागली, चांगलं झालं. पण भाव कोणी ठरवायचा, ते आपल्या हातात राहिलं नाही.

भेंडीचा स्वभाव ज्याने तोडली त्यालाच ठाऊक. माघात लावली की पन्नासेक दिवसांत तोडा सुरू होतो. मग दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. तिच्या कुसांनी हात खाजतात, पहाटे उठावं लागतं, मजुरी रोख द्यावी लागते. पांढऱ्या माशीने केवडा आणला की पानं पिवळी पडतात आणि माल घटतो. बाजारात भाव पडला म्हणून तोडा थांबवता येत नाही. आडत, हमाली, तोलाई, टेंपोभाडं कापून हातात येणारी पट्टी कित्येकदा मजुरीलाही पुरत नसे. 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला कायद्याने मोकळीक मिळाली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याने दार उघडलं, पण दारात गिऱ्हाईक आपणच आणावं लागतं.

आता आमच्या वीस गुंठ्यांत आम्ही आईचीच रीत चालवतो. डोंबिवली-ठाण्याची बावीस घरं आहेत. माघातच ती निम्मे पैसे देतात. त्यात बी, खत आणि पहिली मजुरी भागते. आठवड्याला एक पाटी. चैत्रात भेंडी, गवार, काकडी, माठ. वैशाखात कारली, शिराळी, दुधी, सोबत कैऱ्या आणि कातकरी बायांकडून त्यांच्या भावाने घेतलेली करवंदं. मृग लागला की पाटी बंद, मग आम्ही भाताच्या मागे. केवडा आला तर पाटी हलकी जाते आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

एक बाई म्हणाल्या, "काका, याला बाहेरच्या देशात मोठं नाव आहे." जपानात सत्तरच्या दशकात घरच्या बायांनी शेतकऱ्यांशी असाच करार सुरू केला, त्याला तेईकेई म्हणतात. अमेरिकेत 1986 पासून अशी शेतं निघाली. मुंबईतही 'हरी भरी टोकरी' या नावाने हे चाललं. ऐकून बरं वाटलं. पण आई त्याआधीच पगाराच्या तारखेवर पाटी देत होती, तिने नाव ठेवलं नव्हतं एवढंच.

यात वीस गुंठेच का, असं कोणी विचारील. कारण पाणी. मुंबईच्या सात तलावांची साठवण 14,47,363 दशलक्ष लिटर धरतात, त्यातलं एकट्या भातसाचं 7,17,037. म्हणजे निम्मं. आणि त्याच शहापूर तालुक्यात वैशाखात कित्येक पाड्यांवर टँकर जातो. कालव्याखालचा शेतकरी भेंडी काढतो आणि वरच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन उभी असते. दोघं एकाच धरणाच्या कुशीतले.

मुंबईने पाणी पिऊ नये, असं मी म्हणणार नाही. तहानेला कोण नाही म्हणेल? पण जी घरं आमचं पाणी पितात, त्यांनी पीक उभं राहण्याआधी शेतकऱ्याच्या पाठीशी उभं राहावं, एवढं मागणं जास्त नाही. आमच्या बावीस घरांपैकी पाच जणांनी मागच्या वैशाखात स्वतः येऊन शेत पाहिलं. त्यातल्या एका आजींनी धरणाकडे बोट करून विचारलं, "हे पाणी आमच्याकडे येतं का?" मी हो म्हटलं. परतताना वाटेत वरच्या पाड्यावर टँकरची रांग दिसली, तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ बघत राहिल्या. यंदा त्यांनी शेजारची तीन घरं जोडून दिली. तेवढ्यावर मी आणखी दोन गुंठे गवार धरली आहे.