घरात मराठी, गाण्यात गोंडी

आमच्या घरी चवथीला दरवर्षी एक गंमत घडते. आरतीच्या आधी सगळी आरडाओरड कोकणीत चाललेली असते. कापूर कुठे ठेवला, शामेळ कोण वाजवणार, कांसाळें कुणाच्या हातात, सगळं कोकणीत. मग घुमटावर पहिली थाप पडते आणि तेच सगळे गळे एकदम मराठीत गाऊ लागतात. आरती संपली, प्रसाद वाटायला घेतला की पुन्हा कोकणी. हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

मागच्या चवथीला मात्र इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या भाच्यानं भर आरतीनंतर विचारलं, "मामा, आमी घरांत कोकणी उलयतात, मागीर आरती मराठींत कित्याक?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "पयलीं सावन तशेंच आसा." त्याचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. या प्रश्नावर आपल्या गोव्यात केवढं रामायण झालंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९८७ साली राजभाषा कायदा झाला, त्याच्या आधीची आणि नंतरची भांडणं आमच्या पिढीनं पाहिली. "घरात जी बोलता तीच तुमची भाषा, दुसरी उसनी" असं एक बाजू म्हणते. "जिच्यात देव पूजता, वाचता, नाटक करता ती तुमची भाषा" असं दुसरी म्हणते. दोन्हींकडे माझे मित्र आहेत, म्हणून मी बहुतेक वेळा गप्प बसतो!

तर सांगायचा मुद्दा असा की या प्रश्नाचं एक उत्तर मला अगदी भलत्याच ठिकाणी सापडलं. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथच्या मुलखात. मी तिथं गेलेलो नाही. मला तिथं नेलं ते पुस्तकांनी.

झालं असं, सेतुमाधवराव पगडी यांचं नाव आपल्याला मराठ्यांच्या इतिहासामुळे ठाऊक असतं. फारसी साधनं मराठीत आणणारा मोठा माणूस. पण पगडी मुळात हैदराबाद संस्थानातले सरकारी अधिकारी, आणि नोकरीनिमित्त आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिलेले. तिथं त्यांनी गोंडी भाषा शिकून घेतली. नुसती बोलण्यापुरती नव्हे, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं त्यांनी लिहिली. मी स्वतः सरकारी कारकून. फायलीपलीकडे न पाहणारे खूप जण पाहिलेत (मीही त्यातलाच एक!), त्यामुळे या गोष्टीनं मी एकदम जागा झालो आणि आदिलाबादबद्दल मिळेल ते वाचू लागलो.

बोथ हा निजामाच्या काळापासूनचा तालुका. डोंगर, सागाचं जंगल, जवळच पोचेराचा धबधबा. गोंड, कोलाम, प्रधान, मराठी बोलणारे शेतकरी, तेलुगू बोलणारे शेतकरी, सगळे शेजारी शेजारी. आणि त्या काळी कचेरीची भाषा उर्दू. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा या मुलखातून रेघ ओढायची होती. राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्यात काय काय जाणार ते सांगणारं कलम आहे. त्यात बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका एवढा आदिलाबाद जिल्ह्याचा भाग मुंबईला दिलाय. म्हणजे पश्चिमेकडचं इस्लापूर पुढे महाराष्ट्रात आलं आणि खुद्द बोथ आंध्र प्रदेशात राहिलं. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ ला निदान मत तरी विचारलं होतं. तिथं कायद्याच्या एका ओळीत सर्कल इकडचं तिकडं झालं.

मराठी कुठे संपते आणि तेलुगू कुठे सुरू होते एवढाच हिशोब त्या रेघेनं केला. गोंडी कुठे सुरू होते हे कुणी विचारलंच नाही. रेघेच्या अलीकडच्या गोंड मुलाला शाळेत मराठी आली, पलीकडच्या मुलाला तेलुगू. सोयरीक मात्र दोन्हींकडे चालूच राहिली.

आता येतो खऱ्या गोष्टीकडे. या गोंडांचा इतिहास पूर्वापार कागदावर राहिला नाही, तो गाण्यात राहिला. आणि ते गाणं सांभाळणारे गोंड नव्हेत. ते प्रधान. प्रधान म्हणजे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. प्रत्येक प्रधान घराण्याची काही ठराविक गोंड घराणी यजमान असतात. यजमानाकडे लग्न असो, मरण असो, कुळदेवाची म्हणजे पेरसापेनची पूजा असो, प्रधानानं किकरी घेऊन यायचं आणि गायचं. किकरी हे तीन तारांचं वाद्य, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं. यजमानानं त्याला धान्य, कापड द्यायचं, ऐपतीप्रमाणे जनावरही.

लग्नात तर या गाण्याचं व्यवहारातही काम असतं. गोंडांत चार सगा आहेत. येरवेन म्हणजे सात देवांचे, सारवेन सहा देवांचे, सिवेन पाच देवांचे, नालवेन चार देवांचे. एकाच सगात लग्न होत नाही. कोण कुठल्या सगाचा, कुठलं कूळ कुठून आलं, पहांडी कुपार लिंगोनं देवांची वाटणी कशी केली, हे सगळं प्रधानाच्या तोंडी. आपल्याकडे भटजी गोत्र विचारतात ना, तसंच. पण इथं गोत्राबरोबर त्याची अख्खी कथा गाऊन सांगणारा माणूस असतो.

आणि आता ऐका. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४१ पासून बोथच्या पूर्वेकडे, आजच्या जैनूर भागातल्या मार्लवाई या गावी राहून गोंडांचा अभ्यास करत होते. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते, त्यानंतरचा हा काळ. हायमेनडॉर्फ लिहून गेलेत की आदिलाबादच्या प्रधानांची मातृभाषा मराठी. घरात, बायकामुलांशी ते मराठी बोलतात. पण यजमानाच्या अंगणात किकरी हातात घेतली की गाणं गोंडीत!

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. डोळ्यापुढे आमची चवथ आली. आम्ही घरात कोकणी आणि आरतीत मराठी. ते घरात मराठी आणि गाण्यात गोंडी. आपलं गणित तिथं एक पायरी पुढे सरकलेलं. शिवाय कोकणी-मराठी या निदान मावसबहिणी. मराठी आणि गोंडी यांचं तर कुळही एक नाही, गोंडी द्राविडी कुळातली. तरीही एका समाजाचा इतिहास, देव, सोयरीक हे सगळं दुसऱ्या भाषेत जन्मलेल्या गळ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलं. आता सांगा, गोंडी ही प्रधानाची उसनी भाषा म्हणायची का? आणि मराठीला त्याच्या घरातली म्हणून मोठं मानायचं का? मला वाटतं, विचारलं तर तो हसेल. एका भाषेत तो जगतो, दुसरीत तो उभा राहतो. दोन्ही त्याच्याच.

अर्थात हे सगळं गोड गोड नव्हतं. प्रधानाशिवाय गोंडाच्या कुळदेवाचं काम अडायचं, पण प्रधानाच्या हातचं शिजवलेलं अन्न गोंड घेत नसे. त्याचा दर्जा खालचा मानला जाई. ज्यानं तुमचे पूर्वज तोंडपाठ ठेवले तो तुमच्या पंगतीला नाही! हे वाचून आपण गोमंतकीयांनी फार आश्चर्य दाखवू नये. आपल्या देवळांतून शतकानुशतकं ज्या कलावंत घराण्यांनी गाणं जिवंत ठेवलं, त्यांना आपण कुठे बसवलं होतं ते आठवावं. गाणं गाभाऱ्यापर्यंत पोचायचं, गाणारीला मात्र समाजात बाहेरच उभं केलं जायचं. भाषा राखण्याचं पुण्य आपण सगळे वाटून घेतो, ती राखणाऱ्यांचा हिशोब मात्र चुकता करत नाही. असो.

बोथच्या पूर्वेला इंद्रवेल्लीजवळ केसलापूर म्हणून गाव आहे. तिथं दर पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचा हा देव. त्याआधी कुळातली माणसं जन्नारम भागातल्या हस्तिनमडुगूपर्यंत पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. लागणारी मडकी सिरिकोंडाच्या कुंभारांकडून येतात. जत्रेत कुळात नव्यानं आलेल्या सुनांना पांढरी लुगडी नेसवून देवापुढे नेतात, तेव्हा कुठे त्या कुळाच्या झाल्या असं मानतात. या विधीला भेटिंग म्हणतात. शब्द ऐकला की आपल्या कानांना भेट ऐकू येते की नाही? आणि नागोबाची कथा किकरीवर सांगायला प्रधान असतोच. घरातली सून, कुंभाराचं मडकं, गोदेचं पाणी आणि भाटाचं गाणं. यातलं एक जरी नसलं तरी जत्रा पुरी होत नाही.

दिवाळीच्या सुमाराला दंडारी निघते. मोरपिसांचा मोठा मुकुट, अंगाला राख, हातात काठी असे गुसाडी गावोगाव नाचत जातात. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते आणि तिथं तिचं आदरातिथ्य होतं. आपल्या शिगम्यातले मेळ घरोघर जातात तसंच. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. नाचाला असा मान मिळाला याचा आनंद आहेच. पण मुकुट फोटोत छान दिसतो, गाणं फोटोत येत नाही. किकरीवाल्याकडे कॅमेरे कमी वळतात.

मध्य प्रदेशातल्या प्रधानांची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी. पाटनगढचे जनगढसिंह श्याम (१९६२-२००१) हे प्रधान कुळातले. यजमानांकडची गाणी कमी होत गेली, तेव्हा गाण्यातले देव त्यांनी रंगांत उतरवले. आज जगभर जी गोंड चित्रकला म्हणून ओळखली जाते तिच्यामागे हे भाटांचे हात आहेत. म्हणजे भाटानं वाट शोधली. पण चित्र पाहणाऱ्याला गोंडी यावी लागत नाही, हेही खरं.

लिहिण्याचं म्हणाल तर तोही प्रयत्न झाला. हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, तिथं गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. पुढे नारनूर भागातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली. २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्येही आली. एवढं असूनही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार आणि कोकणी बोलणारे सुमारे २२ लाख ५६ हजार. कोकणी १९९२ मध्ये अनुसूचीत आली, याचा मला मराठीप्रेमी असूनही आनंदच आहे. पण कोकणीहून जास्त माणसांची भाषा दाराबाहेर उभी आहे, हे कुणाच्या गावीही नाही. तिला राज्य नाही, कारण रेघ ओढताना तिला कुणी मोजलं नव्हतं.

आणि आता खरी भीती वेगळीच आहे. प्रधानाचा मुलगा तेलुगू किंवा मराठी शाळेत जातो. यजमानाचा मुलगाही तिथंच जातो. किकरी शिकायला वर्षं लागतात, आणि ऐकणाऱ्यालाच शब्द कळेनासे झाले तर गाणाऱ्यानं कुणासाठी शिकावं? भाट एकट्यानं भाषा जिवंत ठेवू शकत नाही. अंगणात बसून ऐकणारा, मध्येच "हां, पुढे?" म्हणणारा यजमानही लागतो.

इथं मला माझ्या भाच्याचा प्रश्न परत आठवला. तो आरती म्हणतो, पण त्याला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. दोष त्याचा नाही. आम्ही मोठ्यांनी मराठी कुणाची यावर इतकी वर्षं भांडण केलं, पण घुमट वाजवून झाल्यावर पाच मिनिटं त्याला जवळ घेऊन या ओळीचा अर्थ काय ते सांगितलं नाही. कृष्णदास शामानं १५२६ साली गोव्यात बसून मराठीत कृष्णकथा लिहिली, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं, हे आम्ही भाषणांत सांगतो. ऐकणाऱ्या मुलाच्या कानापर्यंत मात्र काहीच पोचत नाही. उद्या त्यानं घुमट हातात घेतलंच नाही तर मग कुठल्या भाषेत गायचं हा वाद तरी कशाला उरेल?

तेव्हा येत्या चवथीला त्याला उत्तर द्यायचं ठरवलंय, आणि तेही कोकणीतच. सांगणार आहे की बाबा, दूर आदिलाबादला असे लोक आहेत जे घरात मराठी बोलतात आणि शेजाऱ्याचे देव गोंडीत गातात, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही की यातली एकच भाषा ठेव. मग आरतीची एक एक ओळ त्याला समजावून सांगणार आहे. घुमटावर बोटं कशी पडतात तेही दाखवायचं आहे. माझा हात आता तितका चालत नाही, पण थाप अजून बरी पडते.

आपल्या घरात आरती, भजन, जागर कोण सांभाळतं, आणि जेवताना ते कुठल्या रांगेत बसतात, हे एकदा तुम्हीही आठवून पाहा.