कोयनेची आफ्रिकेतली बहीण

कोयना हे नाव आमच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. इथे इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना मात्र सांगावं लागतं: सह्याद्रीतलं धरण, महाराष्ट्राची वीज आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. पण मुलांनो, धरणाच्या साठ्यामुळे होणाऱ्या भूकंपांविषयी कुठेही वाचा, कोयनेच्या शेजारी आणखी एक नाव सापडतंच. ते म्हणजे करिबा. तिथला मोठा धक्का सप्टेंबर १९६३ चा. करिबा झांबेझी नदीवर आहे, आजच्या झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर. धरण बांधलं तेव्हा तिथे ब्रिटिशांचा अंमल होता, म्हणून ही गोष्ट आपण राहतो त्या देशाचीही आहे.

१९५३ साली ब्रिटिशांनी उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचा एक संघ केला. उत्तरेकडे तांब्याच्या खाणी होत्या. कोळशाच्या रेल्वेगाड्या पुरेनात, म्हणून खाणींच्या वीजघरांत चक्क जंगलातलं लाकूड जाळलं जाई. वीज हवी होती ती खाणींना आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या शहरांना. उत्तरेचं म्हणणं होतं की काफुए नदीवर, आमच्या हद्दीत धरण बांधा. १९५५ मध्ये संघ सरकारने करिबा निवडलं आणि वीजघर ठेवलं दक्षिण काठावर. पुढे १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला, दुसऱ्याच वर्षी दक्षिणेत इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने सवतासुभा मांडला, आणि झांबियाच्या विजेचं बटण त्याच्या हातात राहिलं! उत्तर काठावरचं वीजघर सुरू व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं.

पण ज्यांना कुणी विचारलंच नाही ते लोक त्या खोऱ्यात राहत होते. टोंगा. नदीचा पूर ओसरला की काठच्या गाळात पेरायचं आणि पावसाळ्यात वरच्या शेतात. असं दोनदा पीक घेणारे ते लोक. सुमारे ५७,००० जणांना उठवलं गेलं. काहींना दीडशेएक किलोमीटरवर, कोरड्या जमिनीवर नेऊन सोडलं. चिपेपोच्या लोकांनी हलायला नकार दिला, तेव्हा सप्टेंबर १९५८ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. आठ माणसं मेली. भाले घेऊन उभी होती ती.

आपल्याकडच्या कुठल्या तरी धरणग्रस्त गावाची आठवण झाली ना? मलाही झाली.

टोंगांचा विश्वास होता की न्यामिन्यामी, म्हणजे सापाचं अंग आणि माशाचं तोंड असलेला नदीचा देव, हे बांधकाम होऊ देणार नाही. १९५७ ला मोठा पूर आला, १९५८ ला त्याहून मोठा, आणि बांधकामावरचा पूल वाहून गेला. तरी डिसेंबर १९५८ मध्ये पाणी अडवलं गेलं. चढत्या पाण्यात बेटांवर अडकलेले हजारो प्राणी बोटींतून वाचवण्याची मोहीम निघाली, तिला नाव दिलं 'ऑपरेशन नोआ'. तिचं जगभर कौतुक झालं आणि व्हायलाही हवं होतं. पण माणसांच्या वाट्याला आलेल्या लॉऱ्यांना असं देखणं नाव कुणी दिलं नाही. मे १९६० मध्ये राणीच्या मातोश्रींच्या हस्ते उद्घाटन झालं. तारा खाणींकडे गेल्या. टोंगांच्या कितीतरी वस्त्या पुढची अनेक दशकं अंधारातच राहिल्या. आजही झांबियातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या घरी वीज नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणण्यासारखी नाही. हवामानाचा विषय निघाला की आफ्रिकेने स्वच्छ वीज वापरावी असं आपण सहज म्हणतो. झांबियाची चार पंचमांशाहून अधिक वीज पाण्याचीच होती! जगाच्या कार्बनमध्ये अख्ख्या आफ्रिका खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. आणि तरी २०१५-१६ मध्ये करिबाचं तळं तळाला गेलं, २०१९ मध्ये पुन्हा, २०२२ च्या शेवटी झिंबाब्वेला वीजनिर्मिती थांबवायला सांगावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. शहरांतही दिवसाचे सतरा-सतरा तास वीज नसे. सलूनवाला, वेल्डर, कोंबड्या पाळणारी बाई, सगळ्यांचाच धंदा बसला. त्या दुष्काळाचं मुख्य कारण एल निनो, असं अभ्यासक म्हणतात, आणि ते लपवायचं कारण नाही. पण हवा तापत जाईल तशी तळ्यातल्या पाण्याची वाफ वाढणार आणि झांबेझीचं पाणी घटणार, असेच पुढचे अंदाज आहेत. एकाच नदीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्याने मग करायचं काय?

झांबियाने सौर ऊर्जेला हात घातला, पण कोळशालाही. टोंगांच्याच खोऱ्यात मांबा इथे २०१६ पासून ३०० मेगावॉटचं कोळशाचं वीजघर आहे. त्यात मोठा हिस्सा हैदराबादच्या एका कंपनीचा आहे, आणि शेजारी तेवढंच दुसरं उभं राहतं आहे. इकडे लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर १८८२ साली कोळशाचं पहिलं सार्वजनिक वीजघर सुरू झालं होतं. ब्रिटनचं शेवटचं, रॅटक्लिफचं, बंद झालं ३० सप्टेंबर २०२४ ला. झांबियात तेव्हा अंधार होता.