बाग कोणाची?
(न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची हकीकत)

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा माझ्या मनात आपल्या रस्त्याच्या टोकाच्या बागेचा विषय घोळत होता. तिच्या फाटकावर ‘सुशोभीकरणाचे काम लवकरच सुरू’ अशी पाटी लागली आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. काम काय, कोणते झाड राहणार, आपण संध्याकाळी बसतो तो पार राहणार की जाणार, हे मात्र पाटीवर नाही. माळीदादांना विचारले तर ते म्हणाले, “बाई, मला तरी कोण सांगतंय?” त्यांचे ते उत्तर ऐकले आणि मला सातासमुद्रापलीकडची एक हकीकत आठवली. मुलाकडे न्यूयॉर्कला राहिले होते तेव्हा तिथल्या सेंट्रल पार्कात मी रोज फिरायला जात असे. त्या वेळी ती मी प्रथम ऐकली आणि पुढे पुस्तकांतून वाचली. तीच आज मैत्रिणींपुढे ठेवते.

सेंट्रल पार्क म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तशी बाग नव्हे. शहराच्या ऐन मध्यावर पसरलेली ही जागा ८४३ एकरांची आहे. ५९व्या रस्त्यापासून ११०व्या रस्त्यापर्यंत सुमारे चार किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटरहून थोडी अधिक रुंद. तिथली तळी, टेकड्या, झाडी पाहून वाटते की देवाने केले तसेच हे माणसांनी ठेवले. प्रत्यक्षात ही सारी माणसांचीच करणी. १८५८ साली बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, तीत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा आराखडा पहिला आला. गरीब-श्रीमंत सर्वांना मोकळी हवा मिळावी, शहराचा गलका विसरता यावा, हा त्यांचा हेतू. शहरातली वाहतूक बागेतून आडवी जाणे भाग होते. म्हणून त्यांनी ते चार रस्ते जमिनीच्या पातळीखालून खोल नेले, म्हणजे गाड्या जातील पण फिरणाऱ्याला दिसणार नाहीत. घोडागाड्यांच्या काळातली ही युक्ती मोटारींच्या काळातही उपयोगी पडत आली आहे.

परंतु या बागेच्या पायाखाली एक गाव आहे, ही गोष्ट मला पहिले कित्येक दिवस कोणी सांगितली नाही. पश्चिमेच्या बाजूला, ८२व्या आणि ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ सालापासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनीचे तुकडे विकत घेऊन घरे बांधली. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. गोऱ्याला तशी अट नव्हती. म्हणून त्यांच्या दृष्टीने ती जमीन म्हणजे डोक्यावरचे छप्पर तर खरेच, शिवाय नागरिकत्वाचा पुरावाही. पुढे आयर्लंडहून आलेली काही कुटुंबेही शेजारी राहू लागली. १८५५च्या गणतीत वस्तीत सुमारे सव्वादोनशे माणसे होती. तीन देवळे, म्हणजे चर्च, आणि एक शाळा होती. बागेसाठी सरकारने जागा संपादन केली आणि १८५७पर्यंत ती वस्ती उठली. बागेच्या साऱ्या जागेवरून मिळून सुमारे सोळाशे माणसे हलवली गेली. मालकांना पैसे मिळाले, पण वस्ती पुन्हा एकत्र वसली नाही. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी या घरधन्यांना बेकायदा घुसलेले लोक म्हणून रंगवले होते. २०११ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा मातीतून लोखंडी चहाची किटली निघाली, लहान मुलाचा जोडा निघाला. हे वाचल्यावर मी त्या बाजूने जाताना दोन मिनिटे थांबू लागले. सर्वांसाठी म्हणून केलेल्या बागेची सुरुवात अशी, काहींना न विचारता झाली.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९३४ साली रॉबर्ट मोझेस नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कचे उद्यान-आयुक्त झाले आणि १९६०पर्यंत त्या जागेवर राहिले. मोठा कर्तबगार माणूस. बागेची अवकळा त्यांनी घालवली, कडेकडेने मुलांसाठी क्रीडांगणे बांधली, शहरात पूल आणि रस्ते उभारले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण जे करायचे ते आपल्या मनाने, आणि कोणी आडवा आला तर तो अडाणी, हा त्यांचा खाक्या. एके काळी बागेत मेंढ्या चरत, त्यांच्यासाठी सुरेख मेंढवाडा बांधलेला होता. मोझेस यांनी १९३४ साली मेंढ्या दुसऱ्या बागेत धाडल्या आणि मेंढवाड्याचे ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ नावाचे उपाहारगृह केले. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या उपाहारगृहातच आहे.

त्याआधी एक लहान चकमक झाली. बागेत रॅम्बल नावाचा दाट झाडीचा, नागमोडी वाटांचा भाग आहे. स्थलांतर करणारे पक्षी मोठ्या शहरावरून उडताना तेवढ्या हिरव्या तुकड्यावर उतरतात. १९५५ साली मोझेस यांनी तिथली सुमारे १४ एकर जागा कुंपण घालून वृद्धांच्या विरंगुळ्याचे केंद्र करण्यासाठी द्यायचे ठरवले. एका धर्मादाय संस्थेने त्यासाठी अडीच लाख डॉलर देऊ केले होते. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? म्हाताऱ्यांना बसायला जागा हवी, हे मीही माझ्या गुडघ्यांना स्मरून सांगते. परंतु पक्षी पाहणारे लोक म्हणाले, केंद्र अवश्य बांधा, पण त्यासाठी हीच झाडी कशाला? त्यांच्याजवळ वर्षानुवर्षांच्या टिपणवह्या होत्या. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात उतरतो हे त्यांनी लिहून ठेवले होते. विरोध वाढला तशी देणगी देणारी संस्था मागे सरली आणि बेत बारगळला.

दुसऱ्याच वर्षी, १९५६च्या एप्रिलात, खरा प्रसंग आला. ६७व्या रस्त्याजवळ, त्या उपाहारगृहाला लागून, सुमारे अर्ध्या एकराची झाडीची खोलगट जागा होती. पलीकडच्या इमारतींतल्या आया बाबागाड्या घेऊन तिथे येत. मुले खेळत, आया विणकाम करीत, एकमेकींच्या मुलांवर लक्ष ठेवीत. एके दिवशी तिथे मोजणीदार आले. दुपारी जेवायला जाताना ते आपला नकाशा तिथेच ठेवून गेले. एका आईने तो उचलून पाहिला, तर त्यावर मोटारतळ! उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकांच्या मोटारी उभ्या करण्यासाठी झाडे तोडून फरसबंदी होणार होती.

त्या बाईंनी घरी जाऊन शेजारणींना टेलिफोन केले. सह्यांचा अर्ज गेला, दाद लागली नाही. १७ एप्रिल रोजी बुलडोझर आला, तेव्हा त्याच्यापुढे बायका बाबागाड्या आणि मुले घेऊन उभ्या राहिल्या. यंत्र थांबले. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार धावले. आठवड्याने, २४ एप्रिलला, अधिकाऱ्यांनी युक्ती योजली. मुले झोपलेली असताना, रात्रीच्या अंधारात माणसे आणून जागेभोवती कुंपण घातले. सकाळी आया आल्या तो पोलिसांचा पहारा, आणि कुंपणाआड झाडांवर कुऱ्हाड पडते आहे. त्यांना बाहेरून रडत पाहण्याखेरीज काही करता आले नाही. पण त्या अश्रूंची छायाचित्रे पहिल्या पानावर आली आणि साऱ्या शहराने ती पाहिली. मोझेस म्हणजे बागांचा कैवारी, असे लोक वीस वर्षे मानत आले होते. आता तोच माणूस रात्री झाडे तोडणारा म्हणून दिसला.

पुढे बायका कोर्टात गेल्या, मनाई हुकूम मिळाला. उपाहारगृहाच्या उत्पन्नाच्या मानाने शहराच्या पदरात भाडे किती थोडे पडते, हेही चव्हाट्यावर आले. अखेर जुलैमध्ये मोझेस यांनी माघार घेतली. मोटारतळ रद्द झाला आणि तिथे मुलांसाठी क्रीडांगण करायचे ठरले. रॉबर्ट कॅरो यांनी मोझेस यांचे चरित्र १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यात ही हकीकत विस्ताराने आहे. पुढाऱ्यांनाही नमवणाऱ्या माणसाची प्रतिमा अर्ध्या एकराच्या तुकड्यावरून तडकली, ती पुन्हा सांधली नाही.

इथवर ऐकले की आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मलाही वाटले. पण इतिहास लिहायचा तर दुसरी बाजू झाकून कशी चालेल? त्याच कॅरोंच्या त्याच ग्रंथात ईस्ट ट्रेमाँट या वस्तीची कहाणी आहे. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात मोझेस यांचा एक रुंद द्रुतगती मार्ग जायचा होता. त्याच्या एका मैलाच्या टप्प्यात १,५३० कुटुंबांची घरे जाणार होती. १९५२च्या डिसेंबरात त्यांना घरे सोडण्याच्या नोटिसा आल्या. मार्ग थोडा सरकवला तर बहुतेक घरे वाचतात, हे लोकांनी नकाशे काढून दाखवले. तिथेही पुढे झालेल्या बहुतेक बायकाच. सभा घेतल्या, सह्या जमवल्या, नगरपालिकेत खेटे घातले. त्या हरल्या, आणि घरे पाडली गेली. बागेशेजारच्या आया सुखवस्तू होत्या. वकील आणि वर्तमानपत्रवाले त्यांच्या ओळखीपाळखीचे. ईस्ट ट्रेमाँटच्या बायकांची कळकळ कमी नव्हती, गाऱ्हाणे तर कितीतरी मोठे होते. तरी त्यांच्या रडण्याची छायाचित्रे तशी पहिल्या पानावर आली नाहीत. आणि सेनेका व्हिलेजच्या बायकांचे म्हणणे काय होते, ते तर कोणी लिहूनही ठेवले नाही.

आपण नेहमी म्हणतो, बाग सर्वांची. पण बागेत रोज येणाऱ्याला तिथली जी माहिती असते, ती नकाशा काढणाऱ्याला नसते. सावली कुठे चार वाजता येते, पाणी कुठे साचते, कोणत्या बाकावरून लेकरू नजरेआड होत नाही, हे कागदावर कसे उतरणार? ते विचारावे लागते. कोणी विचारले नाही तर सांगावे लागते, आणि वेळेवर सांगावे लागते. झाड पडल्यावर मनाई हुकूम आला तर झाड उभे राहत नाही. आणखी एक. सांगणारा फक्त पुढच्या बाकावर बसणारा असून भागत नाही. मागे उभा असतो, त्याचेही ऐकले पाहिजे.

म्हणून नवे काही करूच नये असे मात्र नाही. त्याच ६७व्या रस्त्याच्या बाजूला १९६७ साली रिचर्ड डॅटनर या वास्तुतज्ज्ञाने ‘अ‍ॅडव्हेंचर प्लेग्राउंड’ नावाचे नव्या धर्तीचे क्रीडांगण केले. जुन्या पद्धतीचे झोपाळे आणि डांबरी फरशी यांच्याऐवजी चढायला बुरूज, शिरायला भुयारे, खेळायला वाळू आणि पाण्याचा पाट. ते करताना आसपासच्या आईबापांशी आधी बोलणे झाले होते. मी पाहिले तेव्हा एक चिमुरडी त्या पाटात पाय सोडून बसली होती आणि तिची आजी माझ्यासारखीच पदर, म्हणजे कोटाचे टोक, सावरीत तिच्यामागे उभी होती.

आता आपल्या बागेकडे वळते. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात, विकास आराखडा करताना किंवा त्यात बदल करताना लोकांकडून हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद आहे. बागेच्या आतली मांडणी बदलताना मात्र अशी जाहीर सूचना निघेलच असे नाही. तेव्हा आपणच विचारले पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५पासून आहे. साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपये शुल्क एवढ्यावर आराखड्याची प्रत मागता येते. ती आली म्हणजे आपण साऱ्याजणी ती मंडळाच्या हॉलमध्ये मांडून पाहू. माळीदादांना बोलावू. शाळा सुटल्यावर तिथे खेळणाऱ्या मुलांना बोलावू. फाटकाबाहेर फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या आजींनाही बोलावू, कारण नव्या फाटकाच्या चित्रात त्यांची जागा असेलच असे नाही. कदाचित आराखडा चांगलाही निघेल. मग तसे लिहून कळवू.

अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी तो टेबलावर ठेवीन. ज्यांना पटेल त्यांनी वाचून सही करावी, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी काय खटकले ते समासात लिहावे, एवढीच विनंती.