साथीच्या दिवसांतील सेवाधर्म

अलिबागच्या उत्तरेस किहीम हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत आणि सुरूच्या सावलीत वसलेले आहे. समोर अथांग पाणी, आणि दक्षिणेकडे नजर टाकली की खांदेरीचे बेट. विश्रांतीसाठी येणाऱ्या मुंबईकराला येथील समुद्र म्हणजे केवळ शोभा वाटते. परंतु या किनाऱ्याच्या अनेक पिढ्यांना तो मुंबईचा रस्ता होता. वाडीतला नारळ याच वाटेने शहरात गेला, आणि गिरणीतल्या मुलाचा पगार याच वाटेने घरी आला. रोगही याच वाटेने आला; आणि रोगात माणसाने माणसासाठी काय करावे, याचा धडाही याच वाटेवर गिरवला गेला.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे शहराची वस्ती सव्वाआठ लाख होती. त्यातील सुमारे निम्मी माणसे पुढील काही महिन्यांत शहर सोडून गेली. कोणी आगगाडीने गेले, कोणी पडावांतून आणि आगबोटींतून कोकणात उतरले. त्या काळी ‘कुलाबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १९८१ पासून ‘रायगड’ झालेल्या या जिल्ह्याला आपल्याच लेकरांना घरात घ्यावे की दाराबाहेर ठेवावे, हा कठीण प्रश्न पडला.

सरकारचा उपाय सक्तीचा होता. घरझडती, रोग्यास उचलून नेणे, कुटुंबाची ताटातूट, सामानाची जाळपोळ. रोगाहून रुग्णालयाचेच भय लोकांना अधिक वाटू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तो याच भयापोटी. पुण्यात सोजिरांकरवी झालेल्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे सर्वश्रुतच आहे.

जे दंडुक्याने साधले नाही, ते पुष्कळ अंशी विश्वासाने साधले. मुंबईत निरनिराळ्या जमातींनी वर्गणी काढून स्वतःची रुग्णालये उघडली. तेथे शुश्रूषा करणारा ओळखीचा, भाषा आपली आणि अन्न आपल्या रीतीचे. त्यामुळे रोगी लपवून ठेवण्याची वृत्ती कमी झाली. डॉ. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे आगाखान यांनीही ती उघडपणे टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती ओसरली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालविले. पुण्याजवळच यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. स्पर्शालाच जग भीत असता त्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

तथापि या परोपकाराला एक भिंत होती. ज्याची जमात धनवान त्याला खाट आणि औषध. ज्याच्या जमातीत धनिकच नाहीत, त्याने कोणाकडे पाहावे? या प्रश्नाचे भीषण उत्तर १९१८ च्या इन्फ्लुएंझाने दिले. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते, आणि पुष्कळ डॉक्टर महायुद्धावर गेले होते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. शहरातील या साथीचा मृत्युदर युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी नोंदींत ‘हलक्या जातीचे’ म्हटले गेले त्यांच्यात हजारी ६१.६ इतका होता. रोगाचे जंतू सर्वांना सारखेच. पण हवेशीर खोली, पुरेसे अन्न आणि उशाशी बसणारे माणूस ही सर्वांना सारखी नव्हती. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. स्वतः तापाने फणफणत असता घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनाच करावी लागे, हे त्याचे एक कारण मानले जाते.

ही भिंत ओलांडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत एक नाव याच जिल्ह्याचे आहे. गोरेगाव येथे १८७९ मध्ये जन्मलेले नारायण मल्हार जोशी गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. चाळींतून रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविणाऱ्या या संस्थेचे स्वयंसेवक साथ येण्यापूर्वीच गिरणगावाच्या ओळखीचे झाले होते. म्हणून १९१८ मध्ये ते औषध घेऊन दारी गेले, तेव्हा दार उघडले गेले. त्यांचा प्रश्न ‘तुझी जात कोणती’ हा नसून ‘घरात आजारी कोण’ हा होता.

त्यानंतर शंभर वर्षे लोटली आणि हा किनारा पुन्हा कसोटीस लागला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांसाठी कोकणात कोठे वेशीवर अडसर पडले, तर कोठे शाळांच्या खोल्या विलगीकरणासाठी उघडल्या. आशा सेविका घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारपूस करू लागल्या. तोच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या, वीज गेली. रोग म्हणे दूर राहा. वादळ म्हणे एका छपराखाली या! अशा पेचात तोंडाला फडके बांधून शिधा, ताडपत्री आणि पिण्याचे पाणी पोहोचविणारे हात पुढे आले.

सरकारजवळ द्रव्य असते, अधिकार असतो, आणि त्यांवाचून मोठ्या संकटाचे निवारण होत नाही, हे खरेच. परंतु बंद दार आतून उघडावयास लागतो तो विश्वास. तो साथीच्या दिवशी गोळा करता येत नाही. आधीच्या निरोगी दिवसांत, शेजाऱ्याच्या दारी जाऊन जाऊन तो साठवावा लागतो. किहीमच्या वाडीत पोफळ लावणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. वादळाने आडवी केलेली बाग पुन्हा उभी राहावयास वर्षे लागतात. म्हणून शहाणा बागाईतदार रोपे आधीच लावून ठेवतो.